सांगितलेलं न विसरणारी

पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा जो वेळ असतो, त्या वेळात ग्रुप पॉलिसी राहते. तिला चेहरा नाही, आयकॉन नाही, टास्कबारवर जागा नाही. पडद्यावर 'वेलकम' लिहिलेलं असतं, ठिपके गोल फिरत असतात आणि त्यामागे ती आपलं काम करत असते. काम संपलं की ती बाजूला होते, माणसाला त्याचा डेस्कटॉप मिळतो आणि ती कोणाच्या लक्षातही राहत नाही. ती आठवते फक्त उशीर झाला की. "अहो सर, आमचं मशीन अजून वेलकमवरच फिरतंय," असा अकाउंट्समधून फोन येतो आणि सिस्टीम विभागातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "पॉलिसी लागत असेल, थांबा जरा." एवढाच तिचा उल्लेख.

मी तिच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं आहे. तिच्यावर जो आरोप सर्रास होतो, तो मला पटत नाही, म्हणून हे लिहितो आहे. ग्रुप पॉलिसी संथ नाही. तिला वाट पाहायला लावलं जातं, आणि आपण कोणाची वाट पाहिली हे ती प्रत्येक वेळी लिहून ठेवते. ते वाचणारे मात्र कमी आहेत.

तिचा जन्म विंडोज २००० बरोबरचा. फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातल्या मशीनची आणि माणसांची एकत्र नोंदवही) आणली, तेव्हा तिच्यासोबतच ही आली. त्याआधी एखादी गोष्ट ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर बदलायची म्हणजे सिस्टीमवाल्याने टेबलाटेबलाशी जायचं, "जरा उठता का मॅडम" म्हणायचं आणि त्यांच्या खुर्चीत बसून बदल करायचा. एनटी ४ च्या काळात सिस्टीम पॉलिसी नावाची सोय होती, पण तिची एक वाईट खोड होती. रजिस्ट्रीत केलेला बदल ती परत घेत नसे. हुकूम रद्द केला तरी त्याचा ठसा मशीनवर तसाच राहायचा. जुने लोक त्याला 'टॅटू' म्हणायचे, आणि तो पुसायला पुन्हा मशीनसमोर जाऊन बसावं लागायचं.

ग्रुप पॉलिसीने ही खोड मोडली. तिने रजिस्ट्रीत स्वतःसाठी 'पॉलिसीज' नावाचा वेगळा कोपरा घेतला. हुकूम लागू आहे तोवर त्याची नोंद तिथे. हुकूम गेला की नोंदही गेली. पासवर्ड किती लांबीचा हवा, स्क्रीन किती मिनिटांनी लॉक व्हावा, पेन ड्राइव्ह चालावा की नाही, अपडेट कधी घ्यावेत, अशा शेकडो गोष्टी एका ठिकाणी बसून ठरवता येऊ लागल्या. पुण्याच्या मुख्य ऑफिसात एक खूण केली की ती कोल्हापूरच्या शाखेतल्या मशीनपर्यंत आपोआप पोचायची. आज हे आपल्याला साधं वाटतं, कारण ती पंचवीस वर्षं ते बिनबोभाट करते आहे.

तिची शिस्त पाहण्यासारखी आहे. हुकूम चार जागांवरून येतात आणि ती ते ठरलेल्या क्रमानेच घेते: आधी खुद्द मशीनवरचा, मग साइटचा (ते मशीन ज्या ठिकाणी आहे तिथला), मग डोमेनचा (सगळ्या ऑफिसचा), मग ज्या ओयूत, म्हणजे डोमेनमधल्या ज्या गटात, ते मशीन किंवा तो माणूस आहे त्या ओयूचा. ओयूच्या आत ओयू असेल तर सर्वांत आतल्याचा सर्वांत शेवटी. दोन हुकूम एकमेकांच्या विरुद्ध गेले तर शेवटी आलेला खरा. वरचा एखादा हुकूम 'एन्फोर्स्ड' केलेला असेल तर तो खालच्या कोणालाही मोडता येत नाही. हा क्रम ती कधी चुकवत नाही. मालकाचं मशीन असो की शिकाऊ उमेदवाराचं, ज्या ओयूत ठेवलं असेल तिथले नियम त्याला लागतात.

तिच्या प्रत्येक हुकुमाला दोन घरं असतात. एक भाग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत राहतो, दुसरा डोमेन कंट्रोलरवरच्या, म्हणजे ती नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरवरच्या, सिसव्हॉल फोल्डरमध्ये फाइलींच्या रूपात. सिसव्हॉलमधल्या भागात जीपीटी नावाची एक छोटी आयएनआय फाइल असते आणि तिच्यात एक आकडा असतो. त्या हुकुमातल्या मशीनसाठीच्या भागात एक बदल झाला की आकडा १ ने वाढतो. माणसासाठीच्या भागात बदल झाला की तो ६५,५३६ ने वाढतो, कारण बत्तीस बिटांच्या त्या एकाच आकड्यात दोन वेगळ्या मोजण्या बसवलेल्या आहेत. लॉगिनच्या वेळी ती हा आकडा पाहते आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताडते. दोन्ही सारखे असतील आणि हुकुमांची यादीही बदललेली नसेल, तर बहुतेक कामांना ती पुन्हा हात लावत नाही. जे झालेलं आहे ते परत करत बसायचं नाही, हा तिचा स्वभावच आहे. म्हणूनच नीट ठेवलेल्या नेटवर्कवर तिचं सकाळचं काम काही सेकंदांत उरकतं.

तिचा दिवसही आखीव असतो. मशीन सुरू होताना मशीनचे हुकूम, माणूस आत येताना माणसाचे. त्यानंतर दर ९० मिनिटांनी ती पुन्हा एक फेरी मारते आणि त्या ९० मध्ये ० ते ३० मिनिटांची भर स्वतःहून घालते. ही भर मुद्दाम अनियमित ठेवलेली आहे, म्हणजे ऑफिसातली सगळी मशीन एकाच क्षणी डोमेन कंट्रोलरच्या दारात गर्दी करत नाहीत. खुद्द डोमेन कंट्रोलरवर मात्र ती दर ५ मिनिटांनी पाहते. सुरक्षिततेचे हुकूम तर काही बदललेलं नसलं तरी दर १६ तासांनी पुन्हा लावते. मधल्या वेळात कोणी हाताने काही बदललं असेल तर ते पूर्वपदावर येतं.

इतकी नेटकी असूनही तिच्या नावाने बोटं का मोडली जातात? कारण सगळं काम ती एकटी करत नाही. हुकुमांची यादी काढते आणि एकेक काम त्या त्या मदतनिसाकडे सोपवते. रजिस्ट्रीचा मदतनीस वेगळा, सुरक्षिततेचा वेगळा, स्क्रिप्ट, प्रिंटर, ड्राइव्ह मॅप, फोल्डर रिडायरेक्शन यांचे वेगळे. त्यांना ती एकामागून एक पाठवते. एकाचं काम संपल्याशिवाय दुसरा निघत नाही. त्यामुळे प्रिंटरवाला कुठे अडकला की त्याच्यामागचे सगळे खोळंबतात, आणि त्यांच्यामागे खुर्चीत बसलेला माणूस.

तिची रोजनिशी कुठे असते ते सांगतो, कारण सगळा उलगडा तिथे होतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, त्यात अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग ग्रुप पॉलिसी आणि शेवटी ऑपरेशनल. व्हिस्टापासून ही सोय आहे. एक्सपीच्या काळात ग्रुप पॉलिसी लॉगिन सांभाळणाऱ्या विनलॉगनच्याच पोटात चालायची आणि तिचं बोलणं एका किचकट लॉग फाइलमधून शोधावं लागायचं. व्हिस्टात तिला स्वतःची सर्व्हिस मिळाली, आणि स्वतःची वही.

अकाउंट्समधल्या एका मशीनची ही वही मी उघडली होती. सगळ्यांची तक्रार एकच: सकाळी लॉगिन व्हायला फार वेळ लागतो. ४००१ क्रमांकाची नोंद: माणसाच्या लॉगिनची पॉलिसी सुरू झाली. ५३२६: डोमेन कंट्रोलर सापडला, सोबत किती मिलिसेकंदांत तेही. ५३१४: लाइन वेगवान आहे. ५३१२: या माणसाला लागू असलेल्या हुकुमांची यादी. इथपर्यंत सगळं झटपट. त्यापुढे ४०१६ आणि ५०१६ च्या जोड्या येऊ लागल्या. ४०१६ म्हणजे मदतनीस निघाला, ५०१६ म्हणजे काम करून परतला आणि त्याला इतका वेळ लागला. रजिस्ट्री काही मिलिसेकंद. स्क्रिप्ट तसंच. आणि मग ड्राइव्ह मॅपच्या ओळीत एकदम पाच आकडी संख्या. शेवटी ८००१: माणसाच्या लॉगिनची पॉलिसी इतक्या सेकंदांत पूर्ण. जवळजवळ सगळे सेकंद त्या एका ओळीचे होते.

मग तो ड्राइव्ह मॅपचा हुकूम उघडून पाहिला. त्यात असलेल्या ड्राइव्हपैकी एकाचा पत्ता जुन्या फाइल सर्व्हरचा होता. तो सर्व्हर केव्हाच बंद झाला होता. डेटा नव्या सर्व्हरवर गेला, नवा ड्राइव्ह जोडला, लोकांना मेल गेला, जुनी पेटी रॅकमधून काढली. डीएनएसमधलं त्याचं नाव काढायचं राहिलं आणि हुकुमातली ओळ काढायची राहिली. त्यामुळे ग्रुप पॉलिसी रोज सकाळी त्या सर्व्हरच्या पत्त्यावर जायची, उत्तराची वाट पाहायची, ठरलेला वेळ संपला की परत यायची आणि पुढच्या कामाला लागायची. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ४०९८ क्रमांकाची सूचनाही रोज पडत होती: अमुक ड्राइव्ह जोडता आला नाही, नेटवर्कवर तो पत्ता सापडला नाही. ती ओळ काढली आणि त्या विभागाची तक्रार थांबली. तिला कोणी 'आता जाऊ नकोस' असं सांगितलंच नव्हतं. तिचा गुण आणि तिचा दोष एकच: सांगितलेलं ती विसरत नाही.

ती ज्यांची वाट पाहते त्यांत सगळ्यात आधी येतं ते नेटवर्क. मशीन सुरू होताना केबल स्विचच्या ज्या पोर्टला लागलेली असते, तो पोर्ट जुन्या स्पॅनिंग ट्रीच्या नियमाने १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच रहदारी सोडतो. म्हणजे अर्धा मिनिट मशीनला बाहेरचं जग दिसत नाही. पूर्वी हार्ड डिस्कवरचं विंडोज उठायलाच इतका वेळ घ्यायचं, की हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही. आता एसएसडीचं मशीन काही सेकंदांत उभं राहतं आणि नेटवर्क यायच्या आत दाराशी पोचतं. नवी महागडी मशीन घेऊनही लॉगिन तसंच का, असं विचारणाऱ्या व्यवस्थापकांना हे समजावून सांगावं लागतं. ज्या पोर्टला फक्त कॉम्प्युटर लागतो, तिथे पोर्टफास्ट चालू केलं की ही तीस सेकंदांची थांबणूक संपते.

दुसरं डीएनएस. डोमेन कंट्रोलर कुठे आहे हे मशीन डीएनएसलाच विचारतं. इंटरनेट नीट चालावं म्हणून कोणीतरी मशीनवर बाहेरचा सार्वजनिक डीएनएस लावून ठेवतं. ऑफिसच्या डोमेनचा पत्ता बाहेरच्या जगाला ठाऊक नसतो, आणि मग प्रश्न भलत्याच दारात जातो. डोमेनमधल्या मशीनला डोमेनचाच डीएनएस हवा, दुसऱ्या क्रमांकावरही दुसरा कोणता नको.

तिसरी गोष्ट, साइट. समजा, शाखेत नवी लाइन आली, आयपीची नवी रेंज आली, पण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या साइट्समध्ये ती रेंज कोणी नोंदवली नाही. आता त्या मशीनला आपण कुठल्या गावी आहोत हेच कळत नाही. कोल्हापूरच्या शाखेत डोमेन कंट्रोलर असतानाही ते मुंबईच्या कंट्रोलरकडे जाऊ शकतं. हुकुमांच्या छोट्या छोट्या फाइली लांबून आणायच्या म्हणजे प्रत्येक फाइलीला जाण्यायेण्याचा वेळ. कंट्रोलरवरच्या नेटलॉगनच्या लॉगमध्ये अशा बेघर मशीनची यादी पडलेली असते. ती पाहून रेंज नोंदवायला पाच मिनिटं पुरतात.

एका बाबतीत ग्रुप पॉलिसी सुरुवातीपासूनच समजूतदार आहे. लाइन मंद आहे असं दिसलं तर सॉफ्टवेअर बसवणं, फोल्डर हलवणं अशी जड कामं ती पुढे ढकलते. मंद कशाला म्हणायचं याची तिची मर्यादा मुळात ५०० केबीपीएस आहे. डायल-अपच्या दिवसांत ती योग्य होती. आज घरून व्हीपीएनने जोडलेली जवळजवळ प्रत्येक लाइन ही मर्यादा सहज ओलांडते, मग तिच्यावर उत्तर यायला कितीही वेळ लागत असो. तिच्या हिशेबी ती लाइन वेगवान ठरते आणि सगळी जड कामं सुरू होतात. ही मर्यादा आपल्या ऑफिसच्या वास्तवाप्रमाणे बदलता येते. ती बदलणं आपल्या हातात आहे.

आता तिच्या अंगावर आपण काय काय चढवलं ते पाहू. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये डेस्कटॉपस्टँडर्ड ही कंपनी घेतली आणि तिचं पॉलिसीमेकर हे उत्पादन विंडोज सर्व्हर २००८ मध्ये 'प्रेफरन्सेस' या नावाने ग्रुप पॉलिसीच्या घरात आलं. त्यामुळे ड्राइव्ह, प्रिंटर, शॉर्टकट, रजिस्ट्रीतल्या नोंदी असं बरंच काही स्क्रिप्ट न लिहिता देता येऊ लागलं. सोय मोठी होती, आणि तिचा वापरही मोठा झाला. प्रेफरन्सेसमध्ये प्रत्येक गोष्टीला कृती निवडावी लागते. 'अपडेट' म्हणजे आहे ते तपासून हवं तेवढंच बदलायचं. 'रिप्लेस' म्हणजे लागू करताना आधी असलेलं काढून टाकायचं आणि मग नव्याने बनवायचं. खात्री वाटावी म्हणून कित्येक जण डोळे झाकून 'रिप्लेस' निवडतात. मग जोडलेला प्रिंटर काढून पुन्हा जोडण्यात वेळ जातो, तोही काम नीट चालू असताना.

कोणाला काय द्यायचं हे ठरवण्यासाठी 'आयटम लेव्हल टार्गेटिंग' असतं. माणूस अमुक ग्रुपमध्ये आहे का, हे मशीनला लॉगिनच्या क्षणीच ठाऊक असतं, म्हणून ते विचारणं स्वस्त. त्याऐवजी एलडॅप क्वेरी टाकली तर प्रत्येक वेळी कंट्रोलरकडे जाऊन उत्तर आणावं लागतं. हुकूम लागू करायचा की नाही हे ठरवणाऱ्या डब्ल्यूएमआय फिल्टरचंही तसंच. विंडोजची आवृत्ती कोणती, एवढं विचारणारा फिल्टर पटकन उत्तर देतो. पण मशीनवर अमुक सॉफ्टवेअर आहे का हे विचारायला 'विन३२ प्रॉडक्ट' वापरला की अनर्थ होतो. तो प्रश्न विचारताच विंडोज इन्स्टॉलर मशीनवर बसवलेलं प्रत्येक एमएसआय पॅकेज तपासायला घेतो, आणि गरज वाटली तर दुरुस्तही करू लागतो. एका 'आहे की नाही'साठी घरातल्या सगळ्या पेट्या उघडून पाहण्यासारखं ते आहे. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये एमएसआय इन्स्टॉलरच्या १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागलेली दिसली, तर शंका आधी याच फिल्टरवर घ्यावी. सॉफ्टवेअरची फाइल किंवा रजिस्ट्रीतली नोंद पाहिली तरी उत्तर तेच मिळतं, आणि क्षणात.

स्क्रिप्ट हाही तिच्यावरचा जुना भार आहे. एखादी स्क्रिप्ट अडकली तर ग्रुप पॉलिसी मुळात ६०० सेकंद, म्हणजे तब्बल दहा मिनिटं, तिची वाट पाहायला तयार असते. लॉगिन स्क्रिप्ट साधारणपणे मागे चालते, माणूस पुढे जातो. पण कोणीतरी 'स्क्रिप्ट संपल्याशिवाय डेस्कटॉप देऊ नको' असा हुकूम दिलेला असेल तर ती तो पाळते. विंडोज ८.१ पासून लॉगिन स्क्रिप्ट मुळातच पाच मिनिटं उशिरा सुरू होते. ड्राइव्ह उशिरा दिसतो म्हणून रोज रीस्टार्ट मारणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसतं. वेगळा हुकूम देऊन तो उशीर शून्यावर आणता येतो.

एक मोठा वाद तिच्याविषयी नेहमी होतो. २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हा तिला सवलत मिळाली: नेटवर्कची वाट न पाहता माणसाला आत घ्यायचं आणि हुकूम मागाहून लावायचे. याला फास्ट लॉगन ऑप्टिमायझेशन म्हणतात. लोकांना डेस्कटॉप लवकर मिळू लागला. पण फोल्डर रिडायरेक्शन, सॉफ्टवेअर बसवणं, ड्राइव्ह मॅप अशी काही कामं माणसाला दारात थांबवूनच करावी लागतात. ती मग पुढच्या लॉगिनला होतात, काही तर त्याच्याही पुढच्या. "काल दिलेली पॉलिसी आज लागलीच नाही" हे ऐकून वैतागलेला सिस्टीमवाला एक हुकूम देतो: नेटवर्कची नेहमी वाट पाहा. त्या दिवशीचा त्याचा प्रश्न सुटतो. मात्र तो हुकूम कायमचा राहतो आणि ऑफिसातला प्रत्येक माणूस रोज सकाळी त्याची किंमत देतो. हा हुकूम जिथे खरोखर लागतो त्या मोजक्या मशीनवरच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गैरसमज. लॉगिन मंदावलं की लोक म्हणतात, पॉलिसी फार झाल्या, सगळ्या एकात घाला. एका माणसाला किंवा मशीनला ९९९ पर्यंत हुकूम लागू होऊ शकतात. संख्या ही सहसा अडचण नसते. प्रत्येक हुकूम तिला कुठे पाठवतो, यावर वेळ ठरतो. सगळं एका गठ्ठ्यात घातलं तर त्यातल्या एका किरकोळ बदलाने गठ्ठ्याचा आकडा वाढतो आणि त्यातली न बदललेली कामंही पुन्हा करावी लागतात.

तिचे खरे दोषही सांगायला हवेत. ती उलट विचारत नाही. हुकूम देणारा नोकरी सोडून गेला, त्याचं कारण संपलं, तरी ती तो लावत राहते. दुसरं, तिला गुपित ठेवता येत नाही. प्रेफरन्सेसमधून मशीनच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड देण्याची सोय होती. तो सांकेतिक रूपात सिसव्हॉलमध्ये राहायचा, पण सिसव्हॉल डोमेनमधला कोणीही वाचू शकतो आणि ते कुलूप उघडण्याची किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात छापलेली होती. मे २०१४ च्या अपडेटने नवे पासवर्ड असे ठेवणं बंद केलं. आधी ठेवलेले मात्र आपोआप पुसले गेले नाहीत, ते हाताने काढावे लागले. तिसरा दोष असा, की ती पडद्यावर फार कमी बोलते. 'कृपया थांबा' एवढ्यावर माणसाला ठेवते.

या तिसऱ्या दोषावर उपाय आहे. स्टेटस मेसेज सविस्तर दाखवण्याचा एक हुकूम असतो. तो लावला की 'वेलकम'च्या जागी ती नेमकं काय करते आहे ते लिहून येतं: प्रिंटर्सची पॉलिसी लावत आहे, ड्राइव्ह मॅपची लावत आहे. मग फोनवरचं वाक्यच बदलतं. "मशीन स्लो आहे" याऐवजी "सर, प्रिंटर्सवर अडकलंय" असं ऐकू येतं. ज्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं आपण समजतो, त्या मॅडम दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगू लागतात. तक्रार करणाऱ्याला आपण साक्षीदार केलं की अर्धं काम तिथेच होतं.

मी या सगळ्याविषयी इतकी आस्था का बाळगतो? हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर पाळी बदलते तेव्हा एक जण लॉगआउट होतो आणि दुसरी लॉगिन होते. त्या वेळात काचेपलीकडे ताप आलेलं मूल कडेवर घेऊन कोणीतरी उभं असतं. बँकेच्या काउंटरवर, कॉलेजच्या प्रवेशाच्या टेबलावर असंच. रांगेतल्या माणसाला ग्रुप पॉलिसी दिसत नाही. त्याला दिसते ती समोर बसलेली बाई, आणि चिडतो तोही तिच्यावरच. कारण नसताना रोज सकाळी कोणाचा तरी अपमान होतो, आणि त्याचं मूळ कुठल्या तरी हुकुमातल्या एका विसरलेल्या ओळीत असतं. म्हणून लॉगिनचा वेळ कमी करणं ही माझ्या लेखी तांत्रिक हौस नाही. दुसऱ्याच्या वेळेचा मान ठेवणं, हा त्यातला मुख्य भाग आहे.

अलीकडे कित्येक कंपन्या मायक्रोसॉफ्टच्याच इंट्यूनकडे वळल्या आहेत. तिथे मशीन साधारण दर आठ तासांनी क्लाउडकडे चौकशी करतं. ऑफिसच्या नेटवर्कवर असणं गरजेचं नाही. घरून काम करणाऱ्यांसाठी ते सोयीचं आहे. पण जुने हुकूम जसेच्या तसे उचलून तिकडे नेले, तर पसाराही सोबत जाईल. हुकूम साठवत राहण्याची सवय आपली आहे, ती ग्रुप पॉलिसीने लावलेली नाही.

ज्यांच्या हातात एखाद्या डोमेनच्या किल्ल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे. सर्वांत जास्त तक्रारी ज्या मशीनच्या येतात त्याची ऑपरेशनल वही या आठवड्यात उघडा, ५०१६ च्या ओळी वाचा आणि सर्वांत मोठ्या आकड्यामागचा हुकूम शोधा. एखादा हुकूम नकोसा वाटला तर आधी बॅकअप घ्या, मग त्याचा दुवा काढा, काही दिवस पाहा आणि मगच तो पुसा. प्रत्येक हुकुमाला टिप्पणीची जागा असते. तिथे कोणी, कशासाठी आणि कधीपर्यंत दिला ते लिहा. आणि एखादा सर्व्हर कायमचा बंद कराल, तेव्हा त्याच्या नावाने दिलेले हुकूमही त्याच दिवशी मागे घ्या. ग्रुप पॉलिसी ते स्वतःहून कधीच करणार नाही.